तो हलका होता म्हणून

कलाशाळेचं वसतिगृह, मिनियापोलिस
२९ सप्टेंबर १९९६

प्रिय सिल्वी आत्याआजी,

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू अंदाजानं भरतेस, म्हणून आता पत्रच. गेल्या रविवारी मी "खोलीतली मुलगी घोरते" म्हणाले, तर तू घोड्याला काय खायला घालतात ते विचारलंस.

इथे सकाळी चारचौघांसारखी शाळा असते, गणित, इतिहास वगैरे. दुपारी जेवण झालं की ज्याची त्याची कला. नाचणारे आरशाच्या खोलीत जातात, वाजवणारे तळघरात, आणि आम्ही लेखनवाले चौदाजण एका लांब टेबलाभोवती बसतो. आपल्या गावी कोर्पीत सगळे मला "ती लिहिणारी" म्हणायचे. इथे सगळेच लिहिणारे, त्यामुळे मला कुणी काही म्हणत नाही.

आमच्या ओस्टबी बाईंचा एक नियम आहे. ज्याचं लिखाण वाचायचं त्यानं तोंड उघडायचं नाही. बाकीचे तो खोलीत नसल्यासारखे त्याच्या लिखाणाबद्दल बोलतात. पहिली पाळी लायनेलची होती. तास संपल्यावर तो म्हणाला, "स्वतःच्याच अंत्यविधीला मागच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं."

मी आजोबांच्या कुत्र्यावर लिहिलं होतं. बाईंनी वाचून कागद परत केला. म्हणाल्या, "नीटनेटकं आहे. पण यात तुला कशाचीच भीती वाटलेली नाही. जे लिहायला भीती वाटते ते आण."

मला सोडायला आजोबाच आले होते. बाबांना अलास्काहून सुट्टी मिळाली नाही. निघताना मी तुझ्याकडे आले तेव्हा आजोबा नेहमीसारखे वळणावरच गाडीत बसून राहिले. तू दिलेला वेलदोड्याचा पाव मात्र त्यांनी वाटेत खाल्ला. कुणी भाजला ते विचारलं नाही. चांगला आहे म्हणाले.

तुझी,
मार्नी


कोर्पी
८ ऑक्टोबर

मार्नी,

घोडे नाहीत हे समजलं.

रेनोनं पाव खाल्ला हे मला कळवायची गरज नव्हती. तो माझा भाऊ आहे, त्याला माझा पाव ओळखता येतो. न विचारण्यात तो पहिल्यापासून हुशार.

तुझ्या त्या बाईंना एक गोष्ट विचार. भीती वाटते ते आणून टेबलावर ठेवल्यानंतर ते परत न्यायचं कुठे? मी या गावच्या शाळेत पोरांना आयुष्यभर जेवण करून वाढलं. पातेलं चुलीवरून उतरवण्याआधी ते ठेवायची जागा रिकामी करावी लागते, एवढं मला कळतं. पण त्या शिकलेल्या आहेत, त्यांनी विचार केला असेल.

तू गेल्यापासून शनिवार लांब वाटतो. सवयीनं दोघींपुरतं सूप केलं आणि दोन दिवस खात बसले. मोजे पाठवले आहेत. घाल. कोपऱ्यात फेकू नकोस.

तुझी आत्याआजी,
सिल्वी


मिनियापोलिस
३ नोव्हेंबर

प्रिय आत्याआजी,

मोजे घातलेत, आत्ताही पायात आहेत.

टेबलावर माझं लिखाण वाचायची पाळी होऊन गेली. मी एका बाईची गोष्ट लिहिली. कुठली बाई ते विचारू नकोस, गोष्ट अजून कच्ची आहे. त्या बाईच्या आयुष्यात फार वाईट घडलेलं असतं. ज्यानं ते केलं तो खूप वर्षांनी तिच्या दारात येतो आणि खरं काय ते सांगतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात ती सगळं ऐकून घेते आणि दार लावते. संपलं.

मी गप्प बसले होते, आणि टेबलावर नुसता गदारोळ.

"ही बाई दगड आहे," एकजण म्हणाली.

लायनेल म्हणाला, "एवढं कबूल केल्यावरही? कुणाला पटणार नाही. मी असतो तर पुस्तक फेकून दिलं असतं."

"तिनं त्याला घरात घ्यायला पाहिजे. वाचणाऱ्याला काहीतरी द्या की."

शेवटी बाईंनी हात वर करायला सांगितले. दार लावण्याच्या बाजूनं दोनच हात. मग मी शेवट बदलला. आता ती त्याला आत बोलावते, कॉफी ओतते आणि त्याचा हात हातात घेते. लिहिताना मी रडले, खरंच. मला वाटतं तेच बरोबर होतं. बाईंनी ती गोष्ट एका स्पर्धेला पाठवली आहे.

थँक्सगिव्हिंगला येतेच आहे. टर्की आजोबांकडे आणि ॲपल-पाय तुझ्याकडे, नेहमीसारखं.

मार्नी


कोर्पी
२५ नोव्हेंबर

मार्नी,

काल सकाळी चर्चच्या पायरीवर धर्मगुरूंच्या बायकोनं मला मिठी मारली. ती मला मिठी मारत नाही. मला वाटलं, कुणीतरी गेलं. ती म्हणाली, "सिल्वी, तू आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्या मनाची निघालीस." आत गेल्यावर दोघीतिघींनी हात दाबले. एकीनं डोळे पुसले. मग कुणीतरी मला रविवारचं वर्तमानपत्र दिलं. आतल्या पानावर तुझा फोटो, पहिलं बक्षीस, आणि गोष्ट.

तिथेच बाकावर बसून वाचली.

नावं तू बदललीस. पण तळं तेच, डिसेंबर तोच, अकरा वर्षांचा मुलगा तोच आणि त्याला बर्फावर मासे धरायला घेऊन गेलेला मामाही तोच. गावात कुणाला बोट दाखवून सांगावं लागलं नाही. माझ्या पोराची, ड्वेनची गोष्ट सगळ्यांनी माझ्याआधी वाचली होती.

दुपारी दार वाजलं. रेनो उभा होता, टोपी हातात. ड्वेन गेल्यावर त्या दिवसांत तो आला होता, त्यानंतर एकोणीस वर्षांनी काल. मी म्हटलं, ये.

कॉफी ठेवली आणि वाट बघत बसले. कशाची ते तुला माहीत आहे. तुझ्या गोष्टीतला माणूस बोलतो ते. "मीच त्याला पाठवलं. माझ्या पायाखाली बर्फ कडकड बोलत होता, मला ऐकू आलं होतं. तो हलका होता म्हणून पाठवलं." हे वाक्य मी बाकावर बसून इतक्यांदा वाचलं की प्रार्थना केव्हा संपली ते कळलं नाही. रेनोनं आजवर सगळ्यांना एकच सांगितलंय. मी पोराला काठाशी थांब म्हटलं होतं, त्यानं ऐकलं नाही, पळाला.

तो माझ्या छपराबद्दल बोलला. गाडीच्या टायरांबद्दल बोलला. मग म्हणाला, "मन मोकळं केलंस ते बरं झालं, सिल्वी. आपली वयं झाली आता."

"मी कुठे काय मोकळं केलं?"

"पोरीजवळ बोलली असशील. त्याशिवाय तिनं असा शेवट केला असता का?"

"मी तिच्याशी यातलं अक्षर बोललेले नाही. आणि त्या गोष्टीतला माणूस कबूल करतो, त्याचं काय?"

तो हसला. "ते तिनं रचलंय. त्या शाळेत तेच तर शिकवतात."

आणि त्यानं टेबलावरून हात पुढे केला. तुझ्या गोष्टीत करतो तसाच. त्याला वाटलं मी धरीन. छापून आलं होतं ना.

मी कप उचलून मोरीत ठेवला आणि तो जाईपर्यंत पाठ करून उभी राहिले.

मार्नी, मी त्याला माफ केलेलं नाही. आता सगळं गाव म्हणतंय की केलं. उद्या मी नाही म्हटलं तर मीच वाईट. हे तू माझ्याकडून न विचारता घेतलंस.

एकच सांग. कबुलीचं ते वाक्य तू रचलंस का?

सिल्वी


मिनियापोलिस
३० नोव्हेंबर

प्रिय आत्याआजी,

सुट्टीत आले नाही. आजोबांना मी रस्त्यावर बर्फ फार आहे म्हणून सांगितलं. खरं म्हणजे तुझं पत्र आलं आणि मी घाबरले. मैत्रिणीच्या घरी टर्की खाल्ली, तिच्या आईनं चारदा विचारलं बरं नाही का.

मला माफ कर. वर्तमानपत्रात पूर्ण गोष्ट छापतील हे मला माहीत नव्हतं. नुसतं नाव येईल असं वाटलं होतं. आणि शेवट मी तुला दुखवायला नाही बदलला. मी लहानपणापासून दर शनिवारी त्या वळणावर गाडीतून उतरून तुझ्या दारापर्यंत एकटी चालत आले आहे. दोन घरं, दोन टेबलं, आणि इकडचं तिकडे बोलायचं नाही. मला एकदा तरी तुम्हा दोघांना एका टेबलाशी बसलेलं बघायचं होतं. कागदावर तरी.

ते वाक्य मी रचलं. गोष्टीला हवं होतं म्हणून.

तुझी,
मार्नी


कोर्पी
४ डिसेंबर

मार्नी,

तुझ्या गोष्टीतल्या मुलाच्या हातात झारा आहे. मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकावर पुन्हा बर्फाची साय येते, ती काढायचा लांब दांड्याचा झारा. मामा त्याला म्हणतो, "तिकडचं भोक साफ करून ये," आणि मुलगा झाऱ्याची दोरी मनगटाला गुंडाळून जातो.

ड्वेनला पाण्यातून काढला तेव्हा ती दोरी त्याच्या मनगटाला होती. अंत्यविधीवाल्यानं ती कापून झारा माझ्या हातात दिला. तो माणूस वारला. मी कुणाला सांगितलं नाही. फक्त रेनोला विचारलं होतं, पळून जाणारं पोर झारा कशाला बांधून घेईल? तो म्हणाला, खेळायला उचलला असेल. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलले नाही. तो खेळत नव्हता. त्याला पाठवलं होतं. मला एवढंच रेनोच्या तोंडून ऐकायचं होतं.

तेव्हा रचलं म्हणू नकोस.

तुझा आजोबाही तेच म्हणतो, पोरीनं रचलं. तेव्हा म्हणाला पोरानं ऐकलं नाही. दोन्ही वेळा मूलच खोटं.

पुढच्या गुरुवारी तो अग्निशमन दलाचा कोट घालून शाळेत उभा राहील. तळं गोठलं की दरवर्षी जातो. लहान मुलांना पातळ बर्फाचा धोका समजावतो आणि शेवटी न ऐकणाऱ्या मुलाची गोष्ट सांगतो. तुलाही सांगितली असेल. त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून रजा घ्यायचे, म्हणजे मला ते भिंतीपलीकडून ऐकावं लागू नये. गाव म्हणतं, रेनोचं केवढं काळीज, स्वतःचं दुःख मुलांच्या कामी लावतो.

पुन्हा विचारते. त्यानं तुला सांगितलं का, आणि केव्हा?

सिल्वी


मिनियापोलिस
७ डिसेंबर

आत्याआजी,

हो. त्यांनी सांगितलं.

गेल्या वर्षीच्या वसंतात, हृदयाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. दुलूथच्या दवाखान्यात मीच होते त्यांच्याजवळ. त्यांना वाटत होतं ते वाचणार नाहीत. नर्स बाहेर गेल्यावर त्यांनी मला दार लावायला सांगितलं आणि मी गोष्टीत लिहिलं ते सगळं सांगितलं. जवळजवळ त्याच शब्दांत. बर्फ बोलत होता. पलीकडच्या भोकावर झेंडी वर आली होती, म्हणजे मासा लागला होता. ते स्वतः दोन पावलं गेले आणि परत फिरले. मग ड्वेनला म्हणाले, झारा घेऊन तू जा, तू हलका आहेस.

नंतर म्हणाले, "मी गेलो की सिल्वीला सांग. तोवर नाही." मी शब्द दिला. आणि मग ते वाचले.

घरी आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही. मी काढला तर रेडिओ मोठा करायचे. मी तुझ्याकडे येत राहिले. तू विचारायचीस, आजोबाची तब्येत कशी आहे म्हणून नाही, "तुझ्या घरी सगळं ठीक ना?" म्हणून. मी म्हणायचे, ठीक.

इथे आल्यावर बाई म्हणाल्या भीती वाटते ते आण. माझ्याकडे तेवढं एकच होतं. मी स्वतःला समजावलं की गोष्ट लिहिणं म्हणजे सांगणं नव्हे. नावं बदलली की शब्द मोडत नाही. आता लिहितानाच मला हे किती पोकळ आहे ते दिसतंय.

गोष्ट छापून आली त्या संध्याकाळी आजोबांनी वसतिगृहात फोन केला. मला वाटलं ओरडतील. ते अगदी हळू बोलत होते. "मी सिल्वीला म्हटलंय की तू रचलंस. तिनं विचारलं तर तूही तेच म्हण."

मी म्हटलं, "पण मग मी खोटी ठरते."

ते म्हणाले, "तुला काय फरक पडतो? तुझं कामच ते."

मला त्यांनी वाढवलं. माझ्या वेण्या त्यांनी घातल्या, वाकड्या, पण घातल्या. ते मला असं म्हणतील हे मला कधी वाटलं नव्हतं. आणि मी हो म्हणाले. तुला लिहिलंही.

गोष्ट पुढे देशपातळीवर जायची होती, त्यावर कॉलेजची शिष्यवृत्ती होती. काल मी ती मागे घेतली. ओस्टबी बाईंनी विचारलं, "गोष्ट खोटी आहे का?"

"शेवट खोटा आहे."

"आणि बाकीची?"

"बाकीची माझी नाही."

मग म्हणाल्या, "भीती वाटते ते आण म्हणाले मी. कुणाचं आहे ते विचारायचं राहिलं." लायनेलला कळल्यावर तो म्हणाला मी वेडी आहे. टेबलावर आता माझ्याशी सगळे जपून बोलतात. ते गोष्टीतल्या बाईला दगड म्हणाले तेव्हा तू काय म्हणालीस असं विचारू नकोस, मी गप्प होते. गप्पच होते.

हे पत्र तुला कुणालाही दाखवायचं असेल तर दाखव.

मार्नी


कोर्पी
१५ डिसेंबर

मार्नी,

तुझं पत्र कुणाला दाखवलं नाही. टेबलावर ठेवून गेले.

गुरुवारी शाळेत गेले. मागच्या दारानं, सवयीनं. स्वयंपाकघरातल्या नव्या बाईनं विचारलं काही हवंय का, मी म्हटलं खुर्ची. व्यायामशाळेत मुलं जमिनीवर बसली होती. मी खुर्ची शेवटच्या रांगेमागे ठेवली.

रेनोनं त्याचं ते सगळं सांगितलं. किती जाड बर्फावर माणूस चालतो, किती जाडीवर गाडी. मुलांना हसवलंही, त्याला जमतं ते. मग आवाज उतरवून म्हणाला, "आपल्याच गावात एक मुलगा होता. त्याला काठाशी थांबायला सांगितलं होतं." तेवढ्यात त्याला मी दिसले.

तो थांबला. पाणी प्याला. पुन्हा सुरुवात केली, "त्याला थांबायला सांगितलं होतं," आणि पुन्हा थांबला.

मी उभी राहिले. मी विचारलं, "त्याच्या मनगटाला झारा का बांधलेला होता, रेनो?"

मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. मुख्याध्यापक उठले. मग पुढे बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. दुसरीतली असेल, समोरचे दात पडलेले.

"झारा कशाला?"

रेनो माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "भोकावरचा बर्फ काढायला."

"कुणी सांगितलं त्याला काढायला?"

तो उत्तर देईल असं मला वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "मी."

"मग तुम्ही का नाही गेलात?"

"मी जड होतो," रेनो म्हणाला. "बर्फ मोडला असता."

मुलीनं थोडा विचार केला आणि हात खाली घेतला. तिला समजलं. मुख्याध्यापकांनी मुलांना वर्गात नेलं. रेनो तिथल्या बुटक्या बाकावर बसला. अग्निशमन दलाचा तो मोठा कोट घालून तो मला लहान दिसला.

मी जवळ गेले. तो म्हणाला, "झालं आता समाधान?"

मी म्हटलं, "नाही."

त्याचा हात धरला नाही. कॉफी दिली नाही. माझी गाडी काढून घरी आले. ड्वेनच्या खोलीत जाऊन त्याला सांगितलं की शाळेत सगळ्यांना कळलं, तू सांगितलेलंच ऐकलं होतंस. एवढं ऐकायला इतकी वर्षं लागली, आणि ऐकल्यावर मला फार थकवा आला. झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले.

गावात आता निम्मे माझ्याशी बोलत नाहीत. म्हातारपणी भावाला मुलांसमोर उभं केलं म्हणतात. धर्मगुरूंची बायको रस्ता ओलांडून पलीकडे गेली. रेनोनं कोट दलात परत दिला असं ऐकलं. तो घरात दिवा लावत नाही म्हणतात. तू त्याला फोन करायचा की नाही हे मी सांगणार नाही. तुला त्यानं वाढवलंय.

आता तुझ्याबद्दल.

गोष्ट मागे घेतलीस ते बरं केलंस. पण त्यावर माझा राग फार नव्हताच. माझा राग वेगळा आहे. तुला दीड वर्ष माहीत होतं. दीड वर्ष दर शनिवारी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून सूप प्यायलीस, आणि मी ज्या एका वाक्यासाठी जगत होते ते तुझ्या तोंडात होतं. मला नाही सांगितलंस. मग ते तेरा परक्या पोरांपुढे ठेवलंस आणि मी काय करावं यावर त्यांचे हात मोजलेस. रेनोकडून मला कधी काही अपेक्षा नव्हती. तुझ्याकडून होती.

तू सोळा वर्षांची होतीस आणि तुझ्यावर त्यानं ते ओझं टाकलं, हे मला दिसतं. त्यानं आणखी एका मुलाला पुढे पाठवलं. हे रोज स्वतःला सांगते. कधी पटतं, कधी नाही पटत.

नाताळला ये असं म्हणणार नाही. बोलवावंसं वाटेल तेव्हा बोलवीन. तोवर पत्र लिही, मी उत्तर देईन. काय झालं ते लिही, तुझं, शाळेचं, त्या लायनेलचं. पण मी काय करीन ते लिहू नकोस. ते मला विचारायचं.

सिल्वी